आधी क्लच, मग वॉरंटी

मावळात गाडी घ्यायची म्हटलं की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, वॉरंटी आहे का? संपली असेल तर पुढचं कोणी ऐकूनही घेत नाही. चार-पाच वर्षं वापरलेली, नीट राखलेली साडेचार लाखांची गाडी जागच्या जागी बाद होते आणि सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन दहा लाखांची नवी गाडी दारात येते. कामशेत, वडगाव, पवनानगर, लोणावळा इथल्या बहुतेक नोकरदार आणि शेतकरी घरांसाठी हा निर्णय चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

वॉरंटी कशाची असते ते एकदा पुस्तिका उघडून वाचा. कारखान्यातून निघताना गाडीत राहून गेलेल्या दोषाची. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, टायर, वायपर या झिजणाऱ्या वस्तूंना ती सहसा लागू नसते. इंजिनात पाणी शिरलं तर तो विम्याचा विषय, आणि तिथेही इंजिनासाठीचं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर बहुधा खर्च आपल्यालाच पडतो.

आता आपल्याकडे गाडी खातं कोण? बोरघाट खातो. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी वर चढत असते आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर गाडी तास-तास सरपटते. प्लेट जळते ती तिथे. दुसरं कोण, तर पाऊस. लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने गाडी ओली उभी राहते, खालच्या पत्र्याला, सायलेन्सरला गंज धरतो, लायनर आणि ब्रेकड्रमच्या मध्ये चिखल बसतो. तिसरे आपले आतले रस्ते. दुधिवरे खिंडीकडून पवनानगरला उतरणारा रस्ता पावसाळ्यानंतर सस्पेन्शनचे बुश एका हंगामात वाजायला लावतो. नवी गाडी असो की जुनी, हे तिन्ही खर्च मालकाच्याच खिशातून जातात.

वॉरंटीच्या कागदावर शिक्का कंपनीचा असतो. कंपनी गेली तर काय होतं, हे मावळाइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. शेवरोलेची स्पार्क आणि बीट इथेच तयार होत. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीस भारतातली विक्री बंद. पुढे फक्त निर्यात चालली, डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबली आणि २०२१ मध्ये चौदाशेहून अधिक कामगारांच्या हातात ले-ऑफचा कागद पडला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी ठरलेला सौदा २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि २०२५ च्या अखेरीस तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. ज्या कामगारांनी पहिली बीट जोडली त्यांचं काय झालं, हा प्रश्न मला गाड्यांच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो. त्यावर स्वतंत्रपणे लिहायलाच हवं. इथे मुद्दा एवढाच की कंपनीने वॉरंटी पाळण्याचा शब्द दिला, पण गाडीच्या फेरविक्रीच्या किमतीला शब्द कोण देणार? २०१७ च्या आरंभी कर्ज काढून नवी बीट घेणाऱ्याचं नुकसान झालं. दोन वर्षांनी तीच गाडी पडत्या भावात घेणाऱ्याचं फार काही गेलं नाही.

हिशेब मांडू. दहा लाखांच्या गाडीत दोन लाख रोख आणि आठ लाख कर्ज, दर ९ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो सुमारे १२,८७० रुपये. सात वर्षांत बँकेला जातात १० लाख ८१ हजार, म्हणजे नुसतं व्याज पावणेतीन लाखांच्या वर. गाडी मात्र उलट्या दिशेने चाललेली असते. विमा कंपन्यांच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिलं वर्ष संपता संपता १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी कमी धरतात. त्याखेरीज दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आहे. जुन्या गाडीवर तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. साडेचार लाखांची जुनी गाडी घ्या, पाऊण लाख दुरुस्तीसाठी वेगळे काढून ठेवा. छोट्या गाडीचा अख्खा क्लच सेट एका महिन्याच्या हप्त्याएवढ्या पैशात बदलून होतो.

जमिनीच्या पैशाबद्दल लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. द्रुतगती मार्ग, एमआयडीसी, बंगल्यांचे प्रकल्प यांत मावळातल्या कितीतरी घरांची भातखाचरं गेली. आलेल्या रकमेतून पहिली खरेदी झाली ती मोठ्या गाडीची. गाडीची हौस असू नये असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या एसटीची वाट पाहत उभं राहिलेल्या घराला ती असणारच. पण इंद्रायणी तांदूळ पिकवणारं खाचर पुन्हा विकत घेता येत नाही. त्या पैशातला पंचवीस लाखांचा तुकडा अशा वस्तूत घालू नका, जी पाच वर्षांत निम्म्यावर येते.

आता जुनी घेणाऱ्यांना. भाव करताना विकणाऱ्याने गाडी किती लाखांना घेतली होती, हे ऐकून घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून खाली या. फरक दोन लाखांच्या आत असेल तर मीही तुम्हाला नवीच घ्या म्हणेन.

वर्ष पाहा. एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून आणि शेजारच्या सीटची २०२२ च्या सुरुवातीपासून. ओल्या घाटात एबीएस नसलेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नये. कितीही स्वस्त मिळो. यात तडजोड करणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे.

पाहायला जाल तेव्हा सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारून होकार देऊ नका. गाडी खोपोलीला न्या. चार माणसं बसवा, एसी लावा आणि जुन्या रस्त्याने शिंगरोबाच्या देवळापर्यंत चढा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो का पाहा. चढावर थांबून पुन्हा उचला. जळका वास आला किंवा इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही असं झालं तर क्लच गेलेला आहे. उतरताना ब्रेकचा पाय थरथरला तर डिस्क वाकडी झालेली असते. मग गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, वेल्डिंग, सायलेन्सर बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि धुऊन-पुसून चकचकीत केलेली बुडीत गाडी बाहेरून ओळखू येत नाही. मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि स्टिअरिंग, पेडलचं रबर, चालकाच्या सीटची कड पाहा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

हे सगळं पाहायला आपला मेस्त्री बरोबर न्या आणि त्याला दिवसाचे पैसे द्या. विकणाऱ्या एजंटकडून दोन हजार घेणारा मेस्त्री तुमचा नसतो. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत जुन्या महामार्गालगत हात काळे करून वीस-वीस वर्षं गाड्या ओळखणारी माणसं बसली आहेत. त्यांचं नुसतं कानाने ऐकलेलं इंजिन मी कुठल्याही कंपनीच्या दोनशे मुद्द्यांच्या तपासणीपेक्षा जास्त मानतो.

वॉरंटी खरोखर मोलाची ठरते ती दोन ठिकाणी. एक, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. चढावरच्या गर्दीत हा गिअरबॉक्स तापतो आणि बिघडला तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. वॉरंटी संपलेली अशी गाडी घाटाच्या माणसाने घेऊ नये. दोन, एप्रिल २०२० नंतरची डिझेल. तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी फक्त लोणावळा बाजार ते वलवण एवढीच फिरली तर तो तुंबतो आणि महाग पडतो.

नवी कोणी घ्यावी, हेही सांगतो. रोज लोणावळ्याहून हिंजवडीला जाऊन-येऊन करणाऱ्याने, वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याने आणि गाडी बारा वर्षं ठेवणाऱ्याने. निम्मी रक्कम हातात असेल तर जरूर घ्या, आणि वाढीव वॉरंटी मूळ मुदत संपण्याआधी घ्या. नंतर ती सहसा मिळत नाही.

कागदांबाबत मात्र कोणाचीही भीड ठेवू नका. भावकीतली गाडी असली तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यात, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे त्याचं आरटीओचं अधिकारपत्र पाहायला मागा. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वेग टिपणारे कॅमेरे लागले आहेत, त्यामुळे थकलेली ई-चलनं नंबर टाकून आधी तपासा आणि विकणाऱ्याला ती भरायला लावा. विमा चौदा दिवसांत नावावर करा. विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करायला सांगून स्वतःचा घ्या, नाहीतर सोमाटणे आणि वरसोलीच्या नाक्यांवर पैसे त्याच्या खात्यातून कटत राहतील आणि भांडण तुमच्या दारात येईल. आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत वीस हजार रुपये हातात राखून ठेवा. व्यवहाराच्या कागदावर तसं लिहून दोघांच्या सह्या घ्या.