रिव्हर व्हॅलीतले कोथरूडकर

पुण्याची सगळ्यात जास्त काळजी सध्या सिंगापुरात वाहिली जाते. रिव्हर व्हॅली रोडवरच्या एका कॉन्डोच्या अठराव्या मजल्यावर आमचे मित्र राहतात. खाली पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, बार्बेक्यूची सोय. ऑर्चर्ड रोड हाकेच्या अंतरावर. एवढ्या उंचीवरून कोथरूड स्वच्छ दिसत असावं, कारण रोज सकाळी शाळेच्या ग्रुपवर त्यांचा सवाल येतो : ‘पुण्यात पुणेकर उरलेत कुठे? बाहेरच्यांनी शहराची वाट लावली.’

मित्र स्वतः अर्थातच बाहेरचे नव्हेत. ते एक्सपॅट. बाहेरची म्हणजे त्यांच्याकडची इंडोनेशियन हेल्पर. दोघंही पोटासाठीच आलेली. पण यांच्याकडे एम्प्लॉयमेंट पास, तिच्याकडे वर्क परमिट. यांनी बायको-मुलं सोबत नेली. तिची मुलं जावातल्या खेड्यात आजीकडे, कारण वर्क परमिटवर कुटुंब आणता येत नाही. दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी होते आणि ती गरोदर तर नाही ना, हेही त्यात पाहिलं जातं. मालकाला तिच्यापायी सरकारकडे ५,००० डॉलरची हमी द्यावी लागते, शिवाय दरमहा ३०० डॉलर लेव्ही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं घरात असलेल्या स्थानिक नागरिकांना ६० डॉलरच पडतात. हा अन्याय मित्रांना फार टोचतो. लेव्हीचा.

ती झोपते बॉम्ब शेल्टरमध्ये. अतिशयोक्ती नव्हे, तिथे नव्या इमारतींत १९९८ पासून शेल्टर सक्तीचा आहे. जाड भिंती, पोलादी दार, खिडकी नाही. ‘उद्या युद्ध झालंच, तर घरात सगळ्यात सुरक्षित तीच,’ असं वहिनी म्हणतात. वहिनी मनाने मोठ्या. गणपतीत उकडीचे मोदक हेल्परच वळते. कळ्या अशा पाडते की सदाशिव पेठेने मान खाली घालावी. ‘घरातलीच आहे हो ती,’ हे वहिनी फोटो टाकताना आवर्जून लिहितात. तलावात मात्र घरातल्यांपैकी तिलाच उतरता येत नाही, कॉन्डोचा नियम. नियमापुढे वहिनी तरी काय करणार?

मित्रांचा खरा अभिमान गुणवत्तेचा. ‘आरक्षणाने आमची पिढी देशाबाहेर घालवली,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. पण सप्टेंबर २०२३ पासून सिंगापूर सरकारने नव्या पासांना गुणपद्धत लावली आणि वर्षभरात ती नूतनीकरणालाही आली. पास व्हायला ४० गुण. पगाराचे गुण, पदवीचे गुण आणि विविधतेचे गुण. कंपनीतल्या व्यावसायिक पदांवर तुमच्याच देशाची माणसं पाव हिश्श्याहून जास्त असली की विविधतेत भोपळा. मित्रांच्या कंपनीत तर दुपारी पँट्रीत फोडणीचा वास येतो. बाकीच्या रकान्यांनी निभावलं म्हणून पास टिकला, पण तो शून्य त्यांना झोपू देत नाही. ‘माणसाची लायकी बघायची की कुठून आला ते बघायचं?’ असं ते परवा फोनवर तळमळून विचारत होते. प्रश्न इतका रास्त होता, की त्यांनीच तो विचारावा याचं आम्हांला कौतुक वाटलं.

असाच चटका त्यांना सुरुवातीला घर शोधताना बसला होता. तिथे भाड्याच्या जाहिरातींत ‘भारतीय नकोत, चिनी नकोत’ असं उघड छापलेलं असे. एजंट फोनवर नाव ऐकूनच विचारी, ‘स्वयंपाक करता का?’ मसाल्याचा वास भिंतींत मुरतो म्हणे. ‘विसाव्या मिनिटाला अस्पृश्य झालो,’ असं मित्र सांगतात आणि तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापतो.

गेल्या महिन्यात त्यांचा बाणेरचा फ्लॅट रिकामा झाला. भाडेकरू बघायचं काम आमच्या गळ्यात पडलं. अटी त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवल्या : ‘फॅमिलीच हवी. नॉनव्हेजवाले नकोत, वास राहतो. आणि प्लीज, बाहेरचे नकोत.’