पुनर्वसन अधिकारी

मुंबईची नोकरी संपवून कोकणातल्या घरी कायमचा राहायला आलेला गृहस्थ आधी कुंपण घालतो, मग बोअरिंग मारतो, मग आंब्याची कलमं लावतो. कलमं वाढायला वेळ लागतो, तेवढ्यात हात रिकामे होतात आणि नजर कोंबड्यांकडे वळते. असा एखादा अण्णा आता वाडीवाडीत सापडतो. उभी हयात फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवण्यात गेल्यामुळे ‘हलवलं की सुटलं’ असा एकूण सृष्टीविषयीच त्यांचा समज झालेला असतो. लाकडांच्या ढिगाऱ्यामागे खुडूक बसलेली कोंबडी दिसली की ते कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं पाहतात आणि जाहीर करतात, “ही जागा सेफ नाही.” अडचण अशी, की अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. तिथे मुंगूस येतं, धामण येते, शेजारचा कुत्रा येतो आणि पावसाची पहिली सर आली की पाणी वाहतं तेही नेमकं तिथूनच. निदान अचूक असलं की उपचार आपोआप अचूक ठरतो, ही मात्र अण्णांची श्रद्धा आहे आणि माझा वाद तिच्याशी आहे.

अण्णा कामाला लागतात. फळांचा लाकडी खोका, त्याला जाळी, जाळीला बिजागरी, बिजागरीला कडी आणि तळाला घडी न मोडता अंथरलेलं वर्तमानपत्र, ज्यावर अंडी गोट्यांसारखी घरंगळतात. जागा पडवीत, पाण्याच्या पंपाशेजारी, म्हणजे लक्ष राहतं. मुहूर्त सकाळी अकराचा, चहा झाल्यावर. कोंबडी पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून कुरकुरते, मनगटावर चोच मारते. अण्णा तिला काखेत मारतात आणि अंडी टोपीत घेतात. कडी लागते. कोंबडी खोक्यात चार फेऱ्या मारते, दोन अंडी पायांनी फोडते आणि दार उघडताच ओरडत थेट लाकडांमागे जाऊन मोकळ्या मातीवर बसते. अंडी पडवीत, कोंबडी ढिगाऱ्यात. अण्णांचा अहवाल एका ओळीचा असतो: “मूर्ख पक्षी.”

मूर्खपणाचा हा आरोप तपासून पाहायला हवा, कारण त्याला पुरावा आहे. खुडूक कोंबडीखाली चिनी मातीचं अंडं ठेवा, गुळगुळीत गोटा ठेवा, बदकाची अंडी ठेवा. ती सगळं पोटाखाली ओढते. मग जी गोट्यावर बसते तिला खोक्यात बसायला काय धाड भरली, असा अण्णांचा सवाल आहे. उत्तर असं, की ती कशावरही बसेल, पण कुठेही बसणार नाही. तिची पूर्वज रानकोंबडी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. तिथे अंडं ओळखायची गरज नसते, कारण आपल्या घरट्यात जे आहे ते आपलंच असतं. ओळखावी लागते ती जागा. उबवणाऱ्या कोंबडीला दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठून दाणा टिपायचा असतो, पाणी प्यायचं असतं, धुळीत अंग घोळायचं असतं आणि दिवसभर रोखून धरलेली, दहा पावलांवरून वास येणारी ती मोठी विष्ठा टाकायची असते. एवढं उरकून न चुकता परत पोचणं हीच तिची बुद्धी. अण्णा नेमकी तीच तिच्याकडून काढून घेतात आणि वर तिला मूर्ख म्हणतात. आधी पुनर्वसन, मग धरण, हे धरणग्रस्तांना सरकारला घसा कोरडा करून सांगावं लागलं. कोंबडीला घोषणा देता येत नाही, म्हणून ती परत जाऊन बसते.

यावर दुसऱ्या टोकाचा एक गट म्हणतो, मग हलवूच नका, निसर्गाला सगळं कळतं. कळतं ना, पण निसर्गाला कोंबडीची जेवढी काळजी आहे तेवढीच मुंगसाचीही आहे. हलवायलाच हवं, पण अंधारात. कोंबडीला रात्री जवळजवळ दिसत नाही. झोपेत उचलून नव्या जागी टेकवली, की पोटाखाली अंडी लागतात आणि ती पहाटेपर्यंत मुकाट बसते. खोक्यावर गोणपाट टाकून एक-दोन दिवस आत अंधार ठेवला, दाणापाणी जवळच दिलं, तर बहुधा ती जागा तिची होते. तोवर पोटाखाली खोटी अंडी असावीत. खरी अंडी गार जागी आठवडाभर राहतात आणि एकवीस दिवसांची मोजणी कोंबडी स्थिरावल्यावरच सुरू करता येते. इन्क्युबेटर घ्या म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात कोकणातली वीज एकदा पाहून जावी.

हे सगळं घरात एका व्यक्तीला आधीपासून ठाऊक असतं. अण्णा घोरायला लागले की वहिनी उठतात, बॅटरीवर पदर धरून उजेड मंद करतात, वर्तमानपत्र काढून तळाला ओलसर माती, त्यावर पेंढा आणि उवा होऊ नयेत म्हणून चिमूटभर राख घालतात. मग एक हात कोंबडीच्या पोटाखाली सरकवतात, दुसरा पाठीवर. कोंबडी एकदाच ‘कुर्र’ करते. सकाळी अण्णा जाळीतून डोकावतात आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगतात, “बघा, शेवटी बसली की नाही? जरा शिस्त लावावी लागते.” वहिनी काही बोलत नाहीत, तिकडे दूध उतू जात असतं. यात अण्णांवर अन्याय होतो असं कोणी म्हणेल तर तेही थोडं खरं आहे. धोका त्यांनीच ओळखला, जाळी त्यांनीच ठोकली, आणि ती जाळी नसती तर रात्रीच्या त्या कसबाचा पाहुणचार पहाटे मुंगसाने घेतला असता.

तेव्हा ज्यांच्या घरी असे अण्णा आहेत त्यांना विनंती, की खोका त्यांनाच बनवू द्या; कडी फार छान बसवतात. फक्त त्या रात्री त्यांना आठ वाजताच पानावर बसवा, आणि भात थोडा जास्त वाढा.