बाणभट्ट

मूळ बाणभट्ट लांबलचक समासांसाठी प्रसिद्ध. आमचा बाणभट्ट तीन अक्षरांपुढे जात नाही. टोकियोच्या निशिकासाईत आम्ही दोघं एका घरात राहतो. दिवसा तो सॉफ्टवेअर सांभाळतो, संध्याकाळी गेम सेंटरात 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'च्या यंत्रावर चढतो. कोनामीनं हा खेळ १९९८ मध्ये काढला. गाणं लागतं, पडद्यावर बाण खालून वर सरकतात, वरच्या खुणेला भिडले की पायाखालचा तोच बाण दाबायचा. नव्वद किलोंचा हा गृहस्थ तिथे ढोलासारखा घुमतो.

पहिल्यांदा तो घामाघूम होऊन घरी आला तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"ईएसपी पंधरा. एफसी."

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवलंस?"

मग उलगडा झाला. ई म्हणजे एक्सपर्ट, एसपी म्हणजे सिंगल प्ले, चार बाणांचा खेळ. पंधरा ही काठिण्यपातळी. एफसी म्हणजे फुल कॉम्बो, साखळी कुठे तुटली नाही. डीपी म्हणजे डबल प्ले, एकट्यानंच यंत्राचे दोन्ही पाट अडवून आठ बाणांवर नाचणं. मोठा बी बेसिकचा, छोटा बी बिगिनरचा. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसते, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. जपानी मंडळी त्याच्याहून काटकसरी. ती बिगिनर, बेसिक, एक्सपर्ट अशा प्रत्येक पायरीला एकच चित्राक्षर लिहितात. सर्वांत वरचं 'ओनी', म्हणजे राक्षस.

रात्री तो वहीत बाण उतरवतो. एल डावा, डी खालचा, यू वरचा, आर उजवा. पाय आलटून पालटून टाकायचे, हा शिरस्ता. त्यामुळे डाव्या पायानं सुरुवात करून एल-डी-आर खेळलं, की डावा पाय थेट उजव्या बाणावर जातो आणि अंग वळतं. हा एक्सओ, म्हणजे क्रॉसओव्हर. मी स्वयंपाकघरात करून पाहिला. पोह्यांची कढई वाचली, मी नाही.

"आणि डी-डी आलं तर?" मी कंबर धरून विचारलं.

त्याचे डोळे चमकले. "तिथेच मेख आहे! त्याच पायानं दोनदा मारलं तर जॅक. पाय बदलून मारलं तर एफएस, फूटस्विच. कागदावर दोन्ही सारखीच. अक्षर बाण सांगतं, पाय सांगत नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"पुढे काय येतंय ते बघायचं."

रविवारी साताऱ्याहून त्याच्या आईचा फोन आला. दोन मिनिटांत संपला. हा लगेच वहीत.

"काय म्हणाल्या काकू?"

"गणपतीला येतोयस ना, विचारत होती. म्हटलं, बघतो. ओके म्हणाली."

खेळात लांब बाण शेवटपर्यंत धरून ठेवला की 'ओके' उमटतं. पाय आधीच उचलला तर 'एनजी'.

"ओके म्हणाल्या? काकू?"

"म्हणजे 'बरं, बरं' म्हणाली."

"आणि पुढे काय आलं?"

"काही नाही. फोन ठेवला."

त्याची पेन्सिल थांबली. ओठांतल्या ओठांत त्यानं ते दोन्ही 'बरं' पुन्हा म्हणून पाहिले, हळूहळू, जणू बीपीएम, म्हणजे गाण्याचा वेग, उतरवून.

"दुसरं 'बरं' दुसऱ्या पायाचं होतं रे," तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून विमानं शोधू लागला.

नरिता ते मुंबई, म्हणजे एनआरटी ते बीओएम. तीन अक्षरांपुढे तो तिथेही गेला नाही.