माकडटोपीबाईंना अनावृत पत्र

मुक्काम खिदिरपूर, कोलकाता
पौष महिना, पहाटेचे तापमान १५ अंश

श्रीमती माकडटोपीबाई यांसी,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायन्यातच अडखळलो. सौभाग्यवती लिहावे तर तुमचे यजमान कोण ते ठाऊक नाही, चिरंजीव लिहावे तर वयाने तुम्ही आमच्या पणजीच्याही पुढच्या. इथले लोक तुम्हांला कधी ‘मांकी टुपी’ म्हणतात, कधी ‘हनुमान टुपी’. म्हणजे माकडही तुम्हीच आणि देवही तुम्हीच. पत्र मात्र अनावृत लिहितो आहे. तुमच्या संगतीत अनावृत राहिलेले एवढे एकच काहीतरी असू द्या.

आधी माझी ओळख. मी निफाडचा. थंडीच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत ज्या गावाचे नाव पाऱ्यासकट छापून येते, तेच निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक सोडून मुळांना विहिरीचे कोमट पाणी दिले जाते. थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि फारच झाले तर मणी तडकतात, वर्षाची कमाई घडावरच फुटते. अशा पहाटे आमचे अण्णा डोक्याकानाला टॉवेल गुंडाळून बागेत जातात. फक्त टॉवेल. तोच नंतर घाम पुसायला, तोच दुपारी भाकरी बांधून न्यायला. कानटोपी आमच्याकडे म्हाताऱ्यांची आणि कुंची तान्ह्या बाळांची. मधल्या वयात डोके झाकायचे ते उन्हासाठी किंवा लग्नासाठी, असा आमचा साधा हिशेब होता.

नोकरीने मला खिदिरपूरला आणले. गोदीतला माल कस्टममधून सोडवण्याचे काम. गोदी १८९२ सालची, आणि तिच्यातून निघणारे कंटेनरचे ट्रेलर रस्त्यात असे अडकून बसतात की तेही त्याच सालचे वाटावेत. २७ मार्च १९०२ रोजी विजेवरची पहिली ट्राम एस्प्लनेडहून याच खिदिरपूरला आली होती. मैदानाच्या कडेकडेने येणाऱ्या त्या ट्रामची इथली माणसे अजून आठवण काढतात. २०२०च्या अंफान वादळात तिच्या तारा तुटल्या आणि ती थांबली. असो. ट्राम गेली, तुम्ही राहिलात.

तुमची-माझी पहिली भेट जिन्यात झाली. पहाटे साडेपाच, दिवा गेलेला, आणि समोरून एक आकृती वर येते आहे: डोके, कान, गाल, हनुवटी, गळा सगळे तपकिरी लोकरीत गायब, उरले दोन भिंगे आणि नाकाचा शेंडा. मी भिंतीला चिकटलो आणि पाकीट काढायच्या बेतात होतो. आकृती म्हणाली, “दूध आणायला गेलो होतो. तुम्ही टोपी नाही घातली?” आमचे शेजारी काकाबाबू होते. गोदीत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्या दिवशी मला त्यांचा आवाज आधी ओळखू आला आणि चेहरा मार्चमध्ये.

तसा इशारा मला कालीपूजेलाच मिळाला होता. संध्याकाळी गच्चीवर उभा होतो तर काकाबाबू खालून ओरडले, “हिम पोडछे!” मी हात पुढे करून पाहिला. काहीच पडत नव्हते. हिम म्हणजे दंव, ते कार्तिकापासून टाळूवर पडते आणि तिथून थेट छातीत उतरते, हे शास्त्र त्यांनी मला जिन्यात समजावले. शेवटी तो मंत्र म्हणाले जो या शहरात दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी म्हणत असते: “ठांडा लेगे जाबे,” म्हणजे थंडी बाधेल. त्या वेळी मी शर्टाच्या बाह्या वर सरसावून घाम पुसत होतो.

बाई, आता हिशेबाचे बोलू. हवामान खात्याची अलिपूरची वेधशाळा आमच्या घरून चालत जाण्याजोगी आहे. तिच्या दप्तरात कोलकात्याचा सर्वांत थंड आकडा ६.७ अंशांचा आहे, जानेवारी १८९९ मधला. म्हणजे तुमची खरी गरज पडून सव्वाशे वर्षे झाली. एरवी जानेवारीत सरासरी किमान तापमान १४ अंशांच्या आसपास. मैदानी प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली आल्याशिवाय हवामान खाते ‘थंडीची लाट’ हा शब्दच तोंडातून काढत नाही. त्यातही उत्तरेचा वारा पश्चिमी झंझावाताने अडवला की इथली थंडी दोन दिवस रजेवर जाते आणि वर्तमानपत्रे घरातले कोणी गेल्यासारखी बातमी देतात. गंमत अशी की हे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले ते याच शहरात. पुढे ते शिमल्याला गेले, १९२८ मध्ये तिथून पुण्याला आले आणि पुणेकरांना एक ‘शिमला ऑफिस चौक’ देऊन मग दिल्लीला गेले. गारठ्याच्या शोधात खात्याने एवढी पायपीट केली. कोलकात्याने आपला गारठा घरीच विणून घेतला.

मी हे सगळे काकाबाबूंना ऐकवले आणि वर एक मराठी टोलाही दिला. म्हटले, १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा तुम्ही लोकांनी घाबरून ‘मराठा डिच’ खणला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल खणून झाला आणि मराठे, तुमच्या भाषेत बर्गी, कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक पडून राहिला, पुढे बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. तुमची ही माकडटोपी तसाच खंदक आहे. न येणाऱ्या शत्रूसाठी.

काकाबाबूंनी चष्मा काढून पुसला. तुमच्यामुळे श्वास वर जातो आणि भिंगांवर वाफ धरते, म्हणून हे त्यांना बोलताना सारखे करावे लागते. मग शांतपणे म्हणाले, “खंदक खणला म्हणूनच तुम्ही आला नाहीत ना?”

यावर काय बोलायचे? ते गेली चाळीस वर्षे टोपी घालतात आणि चाळीस वर्षांत त्यांना न्यूमोनिया झालेला नाही. टोपी काढून पाहिल्याशिवाय हा पुरावा खोडता येत नाही, आणि काढायला ते तयार नाहीत. एवढ्यावर न थांबता ते म्हणाले, “दक्षिणेची बाजू तेवढी खणायची राहिली होती. खिदिरपूर दक्षिणेलाच. तिथून एक बर्गी आलाच शेवटी, वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो.”

उरलीसुरली कसर त्यांच्या सुनेने भरून काढली. या बौदी, म्हणजे वहिनी, दोन वर्षे हिंजवडीत नोकरीला होत्या. म्हणाल्या, “तुमच्या पुण्यात मे महिन्यात मुली स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातात लांब मोजे घालून फिरतात, फक्त डोळे दिसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं बँक लुटायला निघाल्यात. आम्ही निदान थंडीत तरी बांधतो.” निफाडचा असल्यामुळे पुण्याची बाजू घेण्याची माझ्यावर सक्ती नव्हती. मी घेतली नाही.

बाई, तुमचे मूळ इतके लष्करी असेल असे मला वाटले नव्हते. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लावा गावाशी लढाई झाली. रशियन हिवाळ्यात कुडकुडणाऱ्या इंग्रज शिपायांसाठी घरच्या बायकांनी टोप्या विणून पाठवल्या आणि पुढे त्या गावाचेच नाव तुम्हांला चिकटले. त्याच लढाईत घोडदळ घेऊन तोफांच्या तोंडी गेलेल्या लॉर्ड कार्डिगनचे नाव समोरून बटणे असलेल्या स्वेटरला, आणि वॉटर्लूवर एक हात गमावलेले सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांचे नाव बाहीला. एका युद्धातून इंग्रजांनी स्वेटर, बाही आणि टोपी एवढे मिळवले. अशा घराण्यातली तुम्ही, आणि आज खिदिरपुरात दुधाची पिशवी आणायला जाता.

मलाही तुम्हांला विकत घ्यावेच लागले. स्वतःसाठी नाही. सुट्टीवर निफाडला निघालो तर काकाबाबूंनी हट्ट धरला की अण्णांसाठी टोपी नेलीच पाहिजे. पाच अंशांत माणूस टॉवेलवर राहतो हे ऐकून त्यांची झोप उडाली होती. त्यांनीच मला वेलिंग्टन स्क्वेअरला नेले. हिवाळ्यात तिथे डोंगराकडची तिबेटी मंडळी लोकरी कपड्यांची दुकाने मांडतात, बंगाली लोक त्यांना सरसकट भुटिया म्हणतात. निवड कशी करायची याचे काकाबाबूंनी तासभर शिक्षण दिले. टोपी आतून बाहेर करून टाके पाहायचे. सुलट-उलट टाक्यांची, रबरासारखी ताणून परत जागेवर येणारी वीण हवी, नाहीतर महिन्याभरात तोंडाचे भोक छातीपर्यंत येते. गालावर घासून पाहायची. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपे, पण घाम धरून ठेवते आणि कपाळाला खाज सुटते. खरी लोकर ओली झाली तरी थोडी ऊब टिकवते, कारण तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते. भोक नाकाखाली उतरणारे घ्यावे. तोंडावरून आले तर श्वासाने लोकर भिजते आणि ओल्या फडक्यात नाक खुपसून फिरल्यासारखे होते. वर गोंडा असावा की नसावा यावर दोघांचा मतभेद झाला. गोंडा राहिला.

हे सगळे पटले. दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत, त्या तुमच्याच कानावर घालतो. ट्रेलरच्या धुरापासून टोपी वाचवते असे काकाबाबू मानतात. धुरातले जे कण फुप्फुसाच्या तळाशी जातात ते अडीच मायक्रॉनहून लहान, आणि तुमच्या विणीतली छिद्रे डोळ्यांना दिसतात. त्यांतून हत्ती नाही तरी कणांची वरात सहज निघेल. दुसरी, शरीरातली निम्मी ऊब डोक्यातून निसटते ही. अमेरिकन लष्कराच्या जुन्या पुस्तिकेत चाळीस-पंचेचाळीस टक्के असे छापले होते खरे, पण ज्या प्रयोगांतून हे आले म्हणतात त्यांत माणसांना गळ्यापर्यंत गरम पोशाख चढवून डोके तेवढे उघडे ठेवले होते. मग ऊब दुसरीकडून जाणार कशी? २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा समज मोडीत काढला: डोके म्हणजे शरीराचा साधारण दहावा हिस्सा, ऊबही तेवढीच जाते. हे मी सांगितल्यावर काकाबाबू म्हणाले, दहावा हिस्सा तरी फुकट का घालवायचा? हिशेबनीस आहेत.

जाता जाता अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात डोकावलो. माघातली थंडी वाघालाही सोडत नाही अशी इथली म्हण आहे, म्हणून वाघ पाहून आलो. बोडका होता. माकडांच्या पिंजऱ्यापुढे तुमच्यातली वीस-पंचवीस मंडळी जमली होती आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बराच वेळ कुतूहलाने पाहत होत्या.

असो. बहुत काय लिहिणे, लोभ असावा.

आपला,
वरच्या मजल्यावरचा बर्गी

ता. क. : हावडा-मुंबई मेलने नाशिकरोडला उतरून घरी पोचलो, तेव्हा निफाडला पारा पाचाच्या घरात होता. अण्णांनी तुम्हांला हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, भोकात मूठ घालून पाहिली आणि गोठ्यात गेले. आदल्या रात्री शेळी व्यायली होती. करडू थरथरत होते. तुम्ही त्याला अशा चपखल बसलात की कान आत, तोंड बाहेर, आणि त्याच तोंडाने ते शेळीला लुचू लागले. गोंडा मधोमध. अण्णा टॉवेल गुंडाळून बागेत निघून गेले. करडू आता उड्या मारते आहे. काकाबाबूंचा रोज फोन येतो: वडिलांना टोपी आवडली का? आवडली म्हणून सांगितले, डोक्यावरून काढायलाच तयार नाहीत असेही सांगितले. आता ते फोटो मागत आहेत. काय पाठवू, ते उलट टपाली कळवावे.