पंढरपूर, व्हाया महाबळेश्वर

आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींनी यंदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी जायचं ठरवलंय. दिवेघाटात फोटो काढून सासवडहून कॅबने घरी, असला प्रकार नाही. पूर्ण. त्यासाठी जी बैठक झाली, तीत अडीचशे किलोमीटरच्या वाटचालीचा विषय चहा यायच्या आत संपला. दिंडीची भिशी भरली की तंबू, जेवण, सामानाचा ट्रक सगळं दिंडीवाले बघतात. आपण फक्त पाय न्यायचे. बाकीची सगळी संध्याकाळ एकाच प्रश्नावर गेली: एकादशीनंतर काय बघायचं?

नुसती वारी करून घरी येणं म्हणजे रजा वाया घालवणं, यावर एकमत होतं. एक गट अक्कलकोट-गाणगापूर-तुळजापूरवाला. दुसऱ्याला विजापूरचा गोलघुमट हवा होता, आणि एवढं विजापूरपर्यंत आलोच तर हंपी काय लांब, असा त्यातही एक पोटगट निघाला. अखेर महाबळेश्वरचं रिसॉर्ट ठरलं, स्पासकट. आषाढात महाबळेश्वरला आपलाच हात आपल्याला दिसत नाही, पॉइंट कुठून दिसणार, अशी शंका मी काढली. 'तेवढंच डोळ्यांना डिटॉक्स' असं उत्तर आलं. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, या अटीवर बुकिंगही झालं. वारीत पाय टिकतील का ते माउली जाणे, पायांचा मसाज मात्र पक्का आहे.

बी विंगमधल्या काकांनी या बेताला आंतरराष्ट्रीय पाठिंबाही मिळवून दिला. त्यांचा भाचा स्पेनमधली सांतियागोची पदयात्रा करून आलाय. तिथले बरेच यात्रेकरू देवळापाशी पोचले तरी थांबत नाहीत, पुढे समुद्रकाठच्या फिनिस्तेरेला जातात. एकेकाळी तिथे पृथ्वी संपते असं मानत. 'बघा, जगभर लोक पुढचे दिवस धरूनच निघतात,' काका म्हणाले. ते पुढचे नव्वद किलोमीटरही ही मंडळी चालत जातात, हा तपशील भाच्याने सांगितला नसावा.

मग कोणीतरी दिंडीप्रमुखांना फोन लावला. स्पीकरवर. 'महाराज, एकादशीनंतर तुमच्याकडे काही असतं का?'

'असतं की,' महाराज म्हणाले. 'पुनवेपर्यंत मुक्काम. गोपाळपूरला काला घ्यायचा आणि निघायचं.'

'निघायचं म्हणजे गाडीने ना?'

'माउली पायीच येतात परत. जायला अठरा-वीस दिवस लागतात ना, तेच अंतर येताना दहा-अकरा दिवसांत. गर्दी नसते, चालायला मोकळं. लिहू का तुमची नावं?'

फोनची रेंज गेली. आमच्या सोसायटीत ती अशी ऐन वेळी जाते.

महाराजांच्या दिंडीतल्या बायाबापड्यांना असला प्रश्न पडत नाही. पेरण्या उरकून आलेली असतात, घरी खुरपणी वाट बघत असते. काला तोंडात पडला की एसटी धरायची. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तेव्हा मनात आणलं तर तुळजापूर-अक्कलकोट आमच्या मंडळींपेक्षा या आजीबाईंनाच स्वस्तात पडेल. पण त्यांना रान सोडवत नाही.

तसं बघितलं तर पंढरपुरात विश्रांतीची खरी गरज एकालाच असते. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, पाठीशी लोड देतात आणि दर्शन चोवीस तास सुरू. निजायची सोय नाही. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते, देवाला न्हाऊमाखू घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि मग शेजघरात पलंग परत येतो. स्पाची कल्पना आमच्या मंडळींना नवी वाटते, एवढंच. तिथे ती युगानुयुगं उभं राहणाऱ्याला मिळते, इथे आगाऊ बुकिंग करणाऱ्याला.

परवा काकांना नवी माहिती मिळाली. एकादशीला पहाटे अडीचच्या सुमारास मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते, तेव्हा दर्शनरांगेतल्या एका वारकरी जोडप्याला पूजेचा मान मिळतो आणि वर एसटीचा वर्षभराचा मोफत पास. वर्षभराचा! काकांनी तिथल्या तिथे कागद ओढला. गणपतीत कोकण, दिवाळीत वेरूळ-अजिंठा, थंडीत चिखलदरा. रांगेत कधी उभं राहिलं म्हणजे अडीच वाजता नेमकं पुढे असू, याचं गणितही मांडून झालंय. अडचण एकच आहे. मान जोडप्याला मिळतो, आणि काकू वारीला येत नाहीयेत. त्या परस्पर महाबळेश्वरला जाणार आहेत, गाडीने, काकांच्या दोन दिवस आधी.