स्मार्टफोनत्याग : नवसाधकांसाठी विधी व नियम

स्मार्टफोन सोडण्याचा संकल्प रविवारी करू नये. त्या दिवशी घरचे सगळे घरात असतात आणि 'बघू किती दिवस टिकतंय' असं तोंडावर बोलतात. गुरुवार बरा. गुरुवारी माणसाने काहीही सोडलं तरी कोणी कारण विचारत नाही. संकल्प केला की तो चारचौघांना कळवावा लागतो, आणि कळवायला व्हॉट्सॲपच्या स्टेटसशिवाय दुसरी सोय उरलेली नाही, हे साधकाच्या लगेच लक्षात येईल. हरकत नाही. स्टेटस टाकावं, कोणी कोणी पाहिलं ते रात्री उशिरापर्यंत तपासावं आणि मगच फोन कपाटात ठेवावा.

सामग्री पुढीलप्रमाणे. बटणांचा एक साधा फोन, मनगटी घड्याळ, गजराचं वेगळं घड्याळ, बॅटरी, कॅल्क्युलेटर, नंबर लिहिलेली वही, भिंतीवर कालनिर्णय, खिशात खुर्दा आणि एक भाचा. २००३ सालचा नोकिया ११०० कोणाच्या माळ्यावर सापडला तर बॅटरी वगळावी, त्याला ती डोक्यावरच होती. भाचा नसेल तर पुतण्या, शेजारच्या काकूंची मुलगी किंवा स्वतःची बायको चालते. बाकीच्या वस्तू कमीजास्त झाल्या तरी निभावतं, पण या शेवटच्या सामग्रीवाचून व्रत सुरूच करू नये. कारण पुढे येईल.

पहिली परीक्षा भाजीबाजारात. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि बघता बघता कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलं. साधकाने पाचशेची नोट पुढे केली की भाजीवाली आधी नोटेकडे, मग साधकाकडे बघते. सुट्टे नाहीत. कोणाकडेच नाहीत. पूर्वी दुकानदार सुट्ट्यांच्या बदल्यात गोळी तरी द्यायचा, आता गोळीही काढून ठेवत नाही. अशा वेळी साधकाने खचू नये. त्याला शास्त्राधार आहे. साध्या फोनवरून *९९# फिरवून, इंटरनेट नसतानाही पैसे पाठवता येतात. शिवाय मार्च २०२२ पासून खास साध्या फोनवाल्यांसाठी 'यूपीआय १२३ पे' ही सोय आहे. फक्त ती संध्याकाळी सातला, मागे सहा बायका पिशव्या घेऊन उभ्या असताना वापरू नये. पर्याय दाबा, नंबर टाका, रक्कम टाका, पिन टाका, एवढं होईपर्यंत टोमॅटोचा भाव बदललेला असतो. त्यापेक्षा भाच्याला हाक मारावी. तो खिशातून फोन काढतो, कोडसमोर धरतो आणि 'मामा, नंतर द्या' म्हणतो. नंतर रोख दिले तर घेत नाही. म्हणतो, त्यांचं काय करू?

प्रवासाची सोय तुलनेने चांगली आहे. लोकलच्या तिकिटाला खिडकी आहे, आणि एटीव्हीएम यंत्राशेजारी निवृत्त रेल्वे कर्मचारी उभे असतात, ते आपल्या वतीने बोट फिरवतात. लांबच्या गाडीला तिकिटाचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र पुरतं. एसएमएस बटणांच्या फोनवर व्यवस्थित येतो. तिकीट कोणी काढलं, हा प्रश्न विचारू नये. भाच्याने काढलं.

पत्ता विचारण्याची कला पुण्यात जाऊन शिकावी असं पूर्वी म्हणत. तिथे निदान अपमान तरी पूर्ण वाक्यात होत असे. आता साधक पानवाल्याला अमुक सोसायटी कुठे म्हणून विचारतो, तर पानवाला चुन्याचं बोट पुसून स्वतःचा फोन काढतो, त्यात नाव टाकतो आणि नकाशा साधकापुढे धरतो. व्रत मोडलं का? शास्त्रकारांत मतभेद आहेत. माझ्या मते मोडलं नाही, ते फक्त पानवाल्याच्या फोनवर पाळलं गेलं.

घरातही तसंच. सोसायटीचं पाणी दहा वाजता जाणार हे ग्रुपवर येतं आणि साधक साबण लावून उभा असतो. मुलीचा गृहपाठ, पालकसभा, गॅसची पावती, लग्नाचं आमंत्रण, सगळं बायकोच्या फोनवर. ती वाचते, लक्षात ठेवते, सांगते, पुन्हा सांगते. साधक शांतपणे पुस्तक वाचतो आणि पाहुण्यांना सांगतो की आता मन किती हलकं झालंय. आपल्याकडे एकादशी एक जण करतो आणि साबुदाणा दुसरंच कोणीतरी भिजवतं, त्यातलाच हा प्रकार. साधकाचा फोन सुटला म्हणजे घरातला एक फोन कमी झाला असं नव्हे. घरात एका फोनवर दोघांची कामं आली.

सामुदायिक व्रताचा एक नमुना सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. मला हा प्रकार सर्वांत प्रामाणिक वाटतो. एक तर सगळ्यांनी एकदम सोडला, त्यामुळे कोणाच्या वाटचं काम कोणी करत बसलं नाही. दुसरं म्हणजे दीड तासाने तो परत मिळणार होता, आणि हे कोणी लपवलं नाही.

आता अपात्रतेचं कलम. ज्याच्याकडे स्मार्टफोन मुळातच नाही, त्याला हे मार्गदर्शन लागू नाही. २०२१ पासून राज्यातल्या शेतकऱ्याने ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची आहे, शेतात उभं राहून, फोटोसकट. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडतं. दुसऱ्याच्या फोनवरून नोंद करायची मुभा आहे. म्हणजे भाचा इथेही लागतोच, फक्त इथे तो बांधापर्यंत न्यावा लागतो, चिखलातून, आणि रेंज येईस्तोवर थांबवून ठेवावा लागतो. या माणसाने फोन सोडलेला नाही, त्याला तो परवडलेला नाही. त्याच्या मनःशांतीबद्दल कोणी लेख छापत नाही. कचेरीत त्याला 'अहो, एक चांगला फोन घ्या की' एवढंच ऐकायला मिळतं.

तेव्हा ज्यांना फोन सोडणं परवडतं त्यांनी खुशाल सोडावा. सोडण्याआधी भाच्याला आणि बायकोला विचारावं, कारण व्रत त्यांना करायचं आहे. शंका असल्यास पोस्टकार्डाने कळवाव्यात. पोस्टकार्ड अजून ५० पैशांनाच मिळतं आणि ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं. ते नाणं मात्र तुमचं तुम्ही शोधायचं आहे.