‘अजिबात न वापरलेला’ हब विकणाऱ्यास खुले पत्र



तुमच्या जाहिरातीतली ओळ मी जपून ठेवली आहे : ‘झिग्बी हब, अजिबात न वापरलेला, चालू स्थितीत.’ इथे जर्मनीत लिडलच्या दुकानांतून विकला गेलेला, घरातले दिवे आणि सेन्सर बिनतारी जोडणारा सिल्व्हरक्रेस्टचा तो डबा मी तुमच्याकडून घेतला, वीज जोडली, आणि तो ढिम्म राहिला. झाकण काढल्यावर कळले. वापर तुम्ही केलाच नव्हता, चिरफाड केली होती.

झाकणाच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने मोडलेल्या. आत बोर्डावर सहा जोडण्यांची ओळ असते : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, सिरिअलचे टीएक्स आणि आरएक्स, मग झिग्बी चिपच्या दोन. वायरी काढताना टीएक्स आणि आरएक्सवर मिळून सोल्डरचा एकच गोळा तुम्ही मागे ठेवलात. म्हणजे हब जे बोलेल ते त्याच्याच कानात. तो पुसायला लागणारे अर्धे मिनिटही तुमच्यापाशी नव्हते. जाहिरात लिहायला मात्र वेळ मिळाला.

गोळा काढला, सिरिअल अडॅप्टर जोडला, वेग ३८४०० बॉड ठेवला. वीज देताना एस्केप दाबत राहिले की या रिअलटेक चिपचा बूटलोडर हाती लागतो. तो लागला, तुमच्या तडाख्यातून तेवढा बचावला होता. मग हबची फ्लॅश मेमरी वाचत गेलो आणि तुमचा सगळा कारभार समोर आला. फ्लॅश १६ एमबीची. त्यात रूट फाइल सिस्टिमला दुसऱ्या एमबीच्या खुणेपासून चौथ्यापर्यंतच जागा. तुम्ही तिथे त्याहून मोठी इमेज लिहिलीत! फाइलचा आकार आधी पाहावा, एवढेही सुचले नाही. जास्तीचा भाग चौथ्या एमबीची हद्द ओलांडून शेजारच्या १२८ केबीवर गेला.

माझा राग आहे तो या १२८ केबींसाठी. कर्नल आणि रूट फाइल सिस्टिम एकाच आवृत्तीच्या सगळ्या हबांत सारखी. एका मित्राने त्याच्या चालू हबमधून ती वाचून दिली, बूटलोडर १९२.१६८.१.६ या पत्त्यावर टीएफटीपीने फाइल घेतो, आणि ते काम झाले. पण त्या १२८ केबीत त्या एकट्या हबची किल्ली असते. तिच्यावरून तो कंपनीच्या सर्व्हरला ओळख देतो, रूटचा पासवर्डही तिच्यातूनच निघतो. मित्राच्या हबची किल्ली इथे चालवणे म्हणजे दुसऱ्याचे ओळखपत्र वापरणे. ते मी केले नाही. लिहिण्याआधी फ्लॅशची नक्कल काढून ठेवावी, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केलेली दिसते.

हब उघडून पाहायला माझी मुळीच हरकत नाही. उलट सर्व्हर बंद झाले की अशा वस्तूंचे काय होते ते आपण पाहिले आहे. २०१६च्या मे महिन्यात रिव्हॉल्व्ह कंपनीचे २९९ डॉलरचे हब असेच निकामी झाले. वस्तू आपल्या ताब्यात राहावी म्हणून ती उघडणारे लोक मला प्रिय आहेत. या हबची वाट ज्यांनी शोधली त्यांनी प्रत्येक आज्ञा फुकट लिहून ठेवली, म्हणून मी तो उठवू शकलो. प्रयोग फसला, यात लाज नाही. ‘प्रयोग फसला, सुट्या भागांसाठी घ्या’ असे लिहिले असते तरी मी तो घेतलाच असता, आनंदाने. तुम्ही मात्र खोटे लिहिलेत. सोल्डरिंग न येणाऱ्या माणसाने तो ई-कचऱ्यात टाकला असता आणि दोष स्वतःच्या अज्ञानाला दिला असता. हे मला सर्वांत जास्त लागते.

झिग्बीची चिप वेगळी, तिची फ्लॅश वेगळी, म्हणून ती शाबूत राहिली. आता हबवर एक छोटा प्रोग्रॅम तिचे बोलणे ८८८८ पोर्टवरून घर सांभाळणाऱ्या ‘होम असिस्टंट’ या सॉफ्टवेअरला पोचवतो. खिडक्यांचे सेन्सर बोलतात, दिवे लागतात. कंपनीच्या अ‍ॅपला तो हब कायमचा परका.

तेव्हा एकच मागणे. चुकूनमाकून फ्लॅशची नक्कल तुम्ही काढली असेल, जुन्या लॅपटॉपवर कुठे पडली असेल, तर त्यातले ते १२८ केबी मला पाठवा. आणि नसेल काढली, तर तुमच्या जाहिरातींत आणखी जे दोन हब ‘अजिबात न वापरलेले’ म्हणून दिसत आहेत, त्यांचे वर्णन आजच बदला.